चौथ्या पायाची पिवळी रेघ

मित्रांनो, तुम्ही हात धुवायला नळ उघडता तेव्हा पाणी भिंतीतून येतं असं तुम्हाला वाटत असेल. त्यात तुमची काही चूक नाही. पण भिंतीतला तो पाइप मजल्यामागून मजले चढत शेवटी गच्चीवर येतो आणि तिथे, उन्हात, मी उभी असते. मी एका चार मजली रुग्णालयाची पाण्याची टाकी आहे. लोखंडाची, चार पायांची आणि आता चाळिशी ओलांडलेली. माझ्या पोटात दहा हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा टन. दोन हत्ती आणि वर एखादं पिल्लू.

एक गुपित सांगते. जिथे नळ आहे तिथे माझा कान आहे. बाळंतिणींच्या खोलीत, स्वयंपाकघरात, शस्त्रक्रियेच्या खोलीत, व्यवस्थापकांच्या कार्यालयातल्या बेसिनपाशी, सगळीकडचं बोलणं पाइपातून वर येतं. चहाडी करण्याचा माझा स्वभाव नाही. पाणी पोटात ठेवते तशा गोष्टीही ठेवते. पण एक गोष्ट आता सांगितली तर कुणाची हरकत असणार नाही, असं वाटतं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सपाट पत्रे रुळातून फिरवून गोल केले, कडेला कड लावून जोडले, आणि मी उभी राहिले. एक मिस्त्री तेव्हा माझ्या पायांची जोडणी करत होता. सडपातळ, कानाला पेन्सिल लावलेला, सतत काहीतरी पुटपुटणारा. पुढे तो माझा जन्माचा सोबती झाला, पण पहिल्या दिवशी त्याला मी विशेष आवडले नव्हते. माझ्या नकाशात सोळा बोल्ट होते. एका पायाला चार. तेही साधे नाहीत, गच्चीच्या तुळईतून आरपार जाणारे.

नकाशा काढणाऱ्या इंजिनिअर बाई शेडमध्ये आल्या तेव्हा त्यानं विचारलंच.

"बाई, दहा टनांची टाकी. नुसती ठेवली तरी वाऱ्याच्या बापाला हलणार नाही. सोळा बोल्ट कशाला?"

"मिस्त्री, ट्रकच्या टपावर बसून कधी गेला आहात?"

"हो, पुष्कळदा."

"खड्डा आला की काय होतं?"

"ड्रायव्हरला कळतही नाही. आमचे दात वाजतात."

"तसंच आहे. जमीन हलली की तळमजला थोडा हलतो आणि गच्ची त्याच्या दुपटी-तिपटीनं. आणि तुमची टाकी गच्चीच्याही वर, चार काड्यांवर."

"पण वजन आहे ना तिला."

"वजनानंच घात होतो. सडपातळ माणूस धक्का बसला की सावरतो. जाडा माणूस एकदा कलला की त्याला आवरायला चौघं लागतात."

मिस्त्रीनं पेन्सिल कानामागे नीट खोचली. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या मेव्हण्यासारखं. लग्नात नाचताना मांडवाचा खांब घेऊन पडला होता."

बाई हसल्या. मी हसले नाही. वजनाचा मला अभिमान होता आणि तो असा भरचौकात उतरवला गेला होता.

बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. माझ्या पायांमध्ये लोखंडी फुल्या घातल्या होत्या, त्या शोभेसाठी नव्हत्या. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत गेलं की झोका चढत जातो. इमारत ज्या तालात डोलेल त्याच तालात मी डोलू लागले, तर तसंच होईल. म्हणून पाय ताठ हवेत. आणि माझा पाण्याचा पाइप मात्र ताठ नको. गच्ची एकीकडे आणि मी दुसरीकडे झुकलो, तर सरळ पाइप काडीसारखा मोडेल. म्हणून तिथे विणलेल्या तारेचा, वळणारा तुकडा.

"कुठे घट्ट आणि कुठे सैल, एवढं कळलं की टाकी टिकते," बाई म्हणाल्या.

"संसारही," मिस्त्री म्हणाला आणि कानाची पेन्सिल काढून त्यानं ते वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं.

मला गच्चीवर चढवलं त्या दिवशी त्यानं सोळाही नट स्वतः आवळले. मग पिवळ्या रंगाचा एक छोटा डबा काढला आणि बारीक ब्रशनं प्रत्येक नटावर एक रेघ मारली. बोल्टच्या टोकावरून निघून नटावरून खाली माझ्या पायाच्या पट्टीपर्यंत, एका दमात. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटणार. मग पाना लागत नाही, मोजमाप लागत नाही, नुसत्या डोळ्यांना कळतं.

मित्रांनो, त्या रेघेमुळे त्याला नावच पडलं. रेघवाले. दरवर्षी, मला वर चढवलं त्याच तारखेला, तो डबा, ब्रश आणि पाना घेऊन यायचा. पुढे निवृत्त झाला तरी यायचा. दारावरचा पहारेकरी हाक मारायचा, "काय रेघवाले, लेकीला भेटायला?" त्यावर तो म्हणायचा, "लेक घरी आहे. ही थोरली." मग गुडघे टेकून सोळा रेघा बघायचा. फिकी झाली असेल ती पुन्हा ओढायचा. निघताना माझ्या पोटावर दोन थापा मारायचा. आतून पाण्याचा गंभीर आवाज यायचा, तो ऐकून त्याचं समाधान व्हायचं.

त्या वर्षांत माझं कौतुक फार झालं असं नाही. पाणी आलं की कुणी टाकीची आठवण काढत नाही. शेजारी एसीचं एक भलंमोठं खोकं आणून ठेवलं, त्याची मात्र आल्यापासून बडदास्त. ते विटांवर नुसतं टेकवलेलं होतं. "मला कुणी बांधून ठेवलेलं नाही," असं ते सारखं गुरगुरायचं. मी काही बोलायची नाही. मलाही एकदा माझ्या वजनाचा असाच तोरा होता.

मग रेघवाल्याच्या गुडघ्यांनी दावा मांडला. एक वर्ष तो आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी गच्चीवर गळती थांबवणारी माणसं आली. पाणी माझ्या चौथ्या पायाशी मुरत होतं आणि खाली शस्त्रक्रियेच्या खोलीच्या छताला ओल धरली होती. दुरुस्ती गरजेचीच होती. पण थर नीट बसायला पायाची पट्टी उचलावी लागणार, आणि तिथले चार नट गंजून बसलेले. त्यांनी पाना लावून बघितला. मग कटर आणला. चारही बोल्ट पट्टीच्या पातळीला छाटले, खालून थर सरकवला, वरून सिमेंटची सुबक गोलाई दिली आणि चारही पायांवर पांढराशुभ्र रंग फासला.

त्यांच्यातल्या एकानं विचारलं होतं, "बोल्ट परत नको का टाकायला?"

मुकादम म्हणाला, "दहा टनांची टाकी आहे. ती काय उठून बाजारात जाणार आहे?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण टाकीला कान असतात, तोंड म्हणजे फक्त नळ. मी त्या दिवशी खालच्या सगळ्या नळांना गढूळ पाणी दिलं. लोकांनी पाच मिनिटं वाहू दिलं आणि विसरून गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस रेघवाला परत आला. गच्चीवर नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर. त्याच्या खाटेशेजारी बेसिन होतं, त्याचा नळ थोडा ठिबकायचा, म्हणून मला सगळं स्पष्ट ऐकू यायचं. त्याच्याजवळ त्याची लेक असायची. ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची, म्हणजे छापण्याआधी पान न् पान वाचून चुका शोधायची. खाटेपाशी बसूनही तिचं ते काम चालू असे. लाल पेनाची कुरकुर मला खालून ऐकू यायची.

"किती चुका सापडल्या?" तो विचारायचा.

"अकरा. लेखक मोठे आहेत, बाबा. ऱ्हस्व-दीर्घ त्यांना लहान वाटतं."

"सोडू नकोस हं. एक सोडलीस की पुढच्या पुस्तकात तिचं कुटुंब येतं."

एके दुपारी तो म्हणाला, "अगं, एक काम कर. वर जाऊन थोरलीच्या रेघा बघून ये. तीन वर्षं झाली. मला काही आता जिना चढवायचा नाही."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतेस? सोळा आहेत. चारही पायांच्या बघ. माझ्या कोटाच्या खिशात घासायचा कागद आहे, रेघ मळली असली तर पूस."

ती वर आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बापासारखीच सडपातळ, चष्मा केसांवर सरकवलेला. तिनं पांढरा रंग पाहिला आणि गुडघे टेकले. अगदी तसेच टेकले. कागदानं एकेक नट घासला. पहिल्या पायाच्या चार रेघा खालून उजळल्या, सरळ. दुसऱ्याच्या चार. तिसऱ्याच्या चार. चौथ्या पायाशी तिनं बराच वेळ घासलं. तिथे घासायला काही नव्हतंच. सिमेंटची एक ढपली निघाली आणि खाली छाटलेल्या बोल्टचं चकचकीत तोंड दिसलं. ती तिथेच बसून राहिली. मग कागदाची घडी घातली आणि खाली गेली.

"बघितलंस?"

"बघितलं."

"चारही पाय?"

"चारही."

"रेघ?"

नळ ठिबकत होता. मी थेंब मोजले. तीन पडले.

"सरळ आहे, बाबा. सोळाच्या सोळा."

"मग झालं," तो म्हणाला. "तू तपासलंस म्हणजे शंका नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेवरची चादर बदलली गेली.

मित्रांनो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या त्या बाईनं एक चूक जाणूनबुजून तशीच जाऊ दिली होती. मी तिला दोष देत नाही. पण ती स्वतःला देत होती. काही दिवसांनी ती पुन्हा गच्चीवर आली. रडली नाही. पिशवीतून लाल पेन काढलं आणि माझ्या चौथ्या पायाच्या पांढऱ्या सिमेंटवर एक खूण केली. ओळीत एखादा शब्द गळला असेल तर तिच्या धंद्यात करतात ती खूण, घराच्या छपरासारखी. इथे काहीतरी राहिलं आहे, असा तिचा अर्थ.

मग ती व्यवस्थापकांकडे गेली. त्यांच्या बेसिनच्या नळातून मी ऐकत होते. व्यवस्थापक सज्जन होते, फक्त घाईत असायचे.

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण बाकीचे बारा बोल्ट आहेत ना? चार नसले तर काय झालं? एवढी जड टाकी कुठे जातेय?"

"माझ्या भावना बाजूला ठेवा. पानात एक ओळ गळली तर बाकीच्या ओळी बरोबर आहेत असं म्हणून आपण छापत नाही."

"पुस्तकाचं वेगळं असतं हो."

"पुस्तक कुणाच्या डोक्यावर उभं नसतं."

त्यांनी अर्ज द्यायला सांगितलं. तिनं दिला. पंधरा दिवसांनी गेली, अर्ज सापडत नव्हता. तिनं दुसरा दिला, आणि तिसऱ्या वेळी एकटी गेली नाही. बापाच्या वहीत घट्ट-सैलाच्या त्या वाक्याखाली इंजिनिअर बाईंचा पत्ता होता. बाईंचे केस आता पांढरे झाले होते, हातात काठी होती. त्यांचा आवाज मात्र मी नळातून लगेच ओळखला.

"तुमचा चहाचा पेला द्या जरा," बाई व्यवस्थापकांना म्हणाल्या. "भरलेला आहे ना? छान. त्या चार फायली एकावर एक ठेवा. ही इमारत. हा पेला म्हणजे टाकी. सिस्टर, चिकटपट्टी आहे का?"

"आहे की," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांना तिथे कुणी बोलावलं नव्हतं, पण रुग्णालयात कुठे काय चाललंय हे त्यांना आपोआप कळायचं.

"तीन बाजूंनी चिकटवते. चौथी मोकळी. आता टेबल हलवा, साहेब. जोरात नाही, सहज."

मला आधी लाकडाची करकर ऐकू आली. मग पट्टी फाटल्याचा आवाज, मग पेल्याचा, आणि मग व्यवस्थापकांचा.

"अहो, माझा चहा! फायली!"

"तीन बाजूंनी धरलेली वस्तू चौथ्या बाजूनं उपटते," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि एकदा एक बाजू सुटली की उरलेल्या तिन्हींवर तिचा भार येतो. तुमच्या चौथ्या पायाखाली काय आहे?"

व्यवस्थापक ओल्या फायली झटकत असल्याचा आवाज आला. मोठ्या सिस्टरच म्हणाल्या, "ऑपरेशन थिएटर."

"टाकी एक दिवस रिकामी करावी लागेल," व्यवस्थापक हळूच म्हणाले. "दिवसभर पाण्याशिवाय दवाखाना चालवायचा कसा?"

"ते माझ्यावर सोडा," सिस्टर म्हणाल्या. "बादल्या, पिंपं, बाटल्या, सगळं आदल्या दिवशी भरून ठेवते. थिएटरला त्या दिवशी सुट्टी. आणि कुणी अंघोळीचा हट्ट धरला तर माझ्याकडे पाठवा."

कुणी धरला नाही.

मला रिकामं केलं त्या दिवशी मी पहिल्यांदा हलकी झाले. बरं वाटलं नाही. पोकळ वाटलं. गच्चीला जुन्या भोकांच्या शेजारी चार नवी भोकं पाडली, आरपार, तुळईतून. नवे बोल्ट आले, खालून-वरून पट्ट्या आल्या, कामगारानं नट आवळले. बाईंनी काठी टेकत वर येऊन स्वतः पाना लावून खात्री केली. शेवटी लेक पुढे झाली. तिच्या हातात बापाचा पिवळा डबा होता. रंग घट्ट झाला होता, तिनं त्यात टर्पेंटाइनचे चार थेंब घातले, काडीनं ढवळलं, आणि चार रेघा ओढल्या. तिसरी रेघ जरा वाकडी आली, तेव्हा तिनं ती पुसून पुन्हा ओढली. मग लाल पेनाच्या खुणेचं उरलेलं छप्पर ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

"या खोक्याला का नाही बांधलं?" निघताना बाईंनी काठीनं एसीकडे दाखवत विचारलं.

"त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल," व्यवस्थापक म्हणाले. अर्ज केलाही गेला. तो मंजुरीच्या वाटेवर होता.

त्यानंतर दोन वर्षं आणि दोन महिने गेले. एका दुपारी जेवणाची भांडी घासून होत होती, तेव्हा गच्चीवरची कबुतरं एकदम उडाली. त्यानंतर मला जमिनीची घरघर ऐकू आली. पाइपातून ती माझ्याकडे चौथ्या मजल्याच्याही आधी पोचली. मग गच्ची सरकली.

एखादी प्रवास-सुखाची गोष्ट सांगताना तुम्ही म्हणता, पोटातलं पाणीही हललं नाही. माझं हललं. दहा टन पाणी एका भिंतीवर आदळलं, परतलं, दुसऱ्या भिंतीवर आदळलं. गच्ची उजवीकडे गेली तेव्हा मी मागे राहिले, ती परतली तेव्हा मी पुढे निघाले होते. मी कलले की पलीकडचा पाय उपटू बघायचा. एकदा पहिला, एकदा तिसरा. मग सगळा भार अशा बाजूला गेला की चौथा पाय वर ओढला जाऊ लागला. चार नव्या बोल्टांनी दात आवळले. फुल्या करकरल्या. वळणारा पाइप सापासारखा इकडून तिकडे फिरला आणि तुटला नाही.

शेजारचं खोकं मात्र विटांवरून उतरून चालू लागलं. पहिल्यांदाच त्याला कुणी बांधलं नसल्याचा उपयोग झाला होता. ते तीन हात चाललं, त्याचा पाइप तटकन तुटला आणि ते तोंडावर पडलं. कुणाला लागलं नाही. पुढे त्याला चार बोल्ट मिळाले आणि त्याची गुरगुर बरीच कमी झाली.

सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. मग शांतता. गावाची वीज गेली, पंप बंद पडले. पण मी वर आहे, मित्रांनो, आणि पाण्याला खाली यायला वीज लागत नाही. माझ्या चौथ्या पायाखाली बॅटरीच्या दिव्यात एक शस्त्रक्रिया चालू होती. पहिला नळ तिथेच उघडला.

"पाणी आहे?" कुणीतरी विचारलं.

"आहे. भरपूर आहे."

"मग हात धुवा आणि या."

त्या दिवशी मी रात्रीपर्यंत पुरले. जखमा धुतल्या गेल्या, दोन बाळं जन्मली, मोठ्या सिस्टरांनी सर्वांना गुळण्या करायला लावल्या, का ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळच्या आधी लेक गच्चीवर आली. रस्ते बंद होते, ती चालत आली होती, चपला धुळीनं भरलेल्या. तिनं गुडघे टेकले आणि बोट लावत मोजलं. चौथ्या पायाच्या एका रेघेवरचा रंग केसाएवढा तडकला होता, पण तडा ओलांडून रेघ पुढे तशीच गेली होती. नट फिरला नव्हता. तिनं माझ्या पोटावर दोन थापा मारल्या. पाणी अर्धंच उरलं होतं, त्यामुळे आवाज थोडा पोकळ आला, पण तिला चालला.

मित्रांनो, तुमच्या वर्गातलं उंच कपाट, घराच्या माळ्यावरची पेटी, दुकानावरचा फलक, दुसऱ्याच्या खांद्यावर उभ्या असलेल्या अशा किती वस्तू तुमच्या आसपास असतात. "एवढं जड आहे, कुठे जातंय?" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालू नका. वाकून त्या वस्तूचे पाय बघा. काही राहिलं असेल तर मोठ्या माणसांना सांगा, आणि अर्ज हरवला तर दुसरा द्या. ज्यानं पहिल्यांदा नट आवळला तो कायम पुरत नाही. पण रेघ बघायला कुणीही गुडघे टेकू शकतं.

गच्चीवरून उतरून ती तिसऱ्या मजल्यावर थांबली. त्या खाटेवर आता एक आजी होत्या. "हात धुऊ का?" तिनं विचारलं. आजी म्हणाल्या, "धू की बाई, नळ काय माझा आहे?" तिनं नळ उघडला. पाणी तिच्या हातांवरून वाहू लागलं, या वेळी पिवळा रंग निघाला नाही, नुसती धूळ. मग ती नळाच्या तोंडाशी वाकून, आजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली.

"सरळ आहे, बाबा. सोळाच्या सोळा."

आणि तिनं नळ बंद केला, नीट, एक थेंबही ठिबकणार नाही असा.